हलका एडिटर हवाय? मग भार कोण उचलणार?

ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्यातले "अं" आणि "म्हणजे काय की" जमेल तितके काढलेत, राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे रिच टेक्स्ट एडिटर. वेब ॲपमध्ये लिहायची चौकट असते, वर बोल्डचं, तिरप्या अक्षरांचं, यादीचं, लिंकचं बटण असतं, तो. काहीजण म्हणतील यात इतिहास कसला आलाय? शोधायचा, त्यातला सगळ्यात हलका निवडायचा, इन्स्टॉल करायचा, चहाच्या आत काम संपलं. पण गेल्या वर्षभरात मला तीन-चार मित्रांनी हाच प्रश्न विचारला, "अरे, एखादा हलका एडिटर सांग ना", आणि दरवेळी उत्तर द्यायला लागलो की मी १९९० सालात जाऊन पोचतो. कारण 'हलका' हा शब्द फसवा आहे. एडिटरचं वजन नाहीसं होत नाही. ते इकडून तिकडे सरकतं. कधी ब्राउझरवर, कधी लायब्ररीवर, कधी आपल्या बॅकएंडवर, आणि बऱ्याचदा बिचाऱ्या लिहिणाऱ्यावर.

तर सुरुवातीपासून.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सर्नमध्ये जगातला पहिला ब्राउझर लिहिला. त्याचं नावच 'वर्ल्डवाइडवेब' होतं. आपण सहसा विसरतो ती गोष्ट अशी की तो ब्राउझर एडिटरही होता. पान उघडायचं, तिथेच कर्सर ठेवायचा, लिहायचं, शब्द निवडून दुसऱ्या पानाला जोडायचा. वाचणं आणि लिहिणं वेगळं नव्हतंच. हे त्यांना काही महिन्यांत जमलं, कारण ते नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर काम करत होते आणि त्या प्रणालीत मजकूर दाखवणारा, संपादन करू देणारा घटक तयार मिळत होता. म्हणजे बघा, पहिल्याच दिवशी एडिटरचा भार दुसऱ्या कुणीतरी उचललेला होता.

पण नेक्स्ट संगणक होते किती जणांकडे? बाकीच्यांसाठी जे ब्राउझर आले ते वाचण्यापुरते. १९९३ मध्ये मोझॅक आला, चित्रं दिसायला लागली, वेब घराघरात जायची वाट मोकळी झाली, आणि लिहिणं मात्र गळून पडलं. आपल्या हातात उरला तो टेक्स्टएरिया, १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये प्रमाणित झालेला साधा पांढरा चौकोन. यात ना बोल्ड, ना यादी. तिकडे डेस्कटॉपवर लोक वर्ड वापरत होते. कागदावर जसं छापून येईल तसंच पडद्यावर दिसायला हवं, ही कल्पना तर झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७४ च्या ब्राव्हो एडिटरपासूनची. आणि ब्राव्होवर काम केलेले चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन वर्डच्या मुळाशी उभे राहिले. तेव्हा वेबवर ही सोय मायक्रोसॉफ्टनेच आणावी, यात फार आश्चर्य नाही.

जुलै २००० मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ आला आणि त्यात कंटेंटएडिटेबल नावाचं एक गुणचिन्ह होतं. पानातल्या कुठल्याही भागाला ते लावा, तो भाग लिहिता येण्याजोगा होतो. शब्द निवडा, एक्झेककमांडला 'बोल्ड' असं सांगा, अक्षरं ठळक. एका ओळीचा कोड! आजही हे पहिल्यांदा करून बघताना हरखून जायला होतं.

यात एक गोम होती. हे कसं वागावं याचं प्रमाणपत्रक कुठेच नव्हतं. मायक्रोसॉफ्टने केलं, इतरांनी बघून बघून केलं. मोझिलाने २००३ मध्ये १.३ आवृत्तीत अख्खं पान संपादित करायची सोय दिली, पण कंटेंटएडिटेबलसाठी फायरफॉक्सला २००८ ची तिसरी आवृत्ती गाठावी लागली. मध्ये सफारी आला, ऑपेरा आला. प्रत्येकाने आपापल्या समजुतीने काम केलं. तुम्ही एंटर दाबलात, तर एक्सप्लोरर नवा परिच्छेद-टॅग घालायचा, फायरफॉक्स नुसती ओळ तोडायचा, सफारी डिव्ह घालायचा. बोल्ड केलंत तर एकाकडे स्ट्राँग टॅग, दुसऱ्याकडे स्पॅनमध्ये स्टाइल, तिसऱ्याकडे आणखी काही. सफारी तर 'ॲपल-स्टाइल-स्पॅन' नावाचा आपला शिक्का मजकुरात सोडून द्यायचा. त्या काळातले डेटाबेस उघडले तर अजूनही हे शिक्के सापडतात, जुन्या घराच्या पायात दुसऱ्याच वाड्याची वीट सापडावी तसे.

या गोंधळातून 'जड' एडिटरांचा जमाना आला. फ्रेडेरिको काल्देइरा क्नाबेन यांनी २००३ मध्ये आपल्या नावाची आद्याक्षरं देऊन एफसीकेएडिटर काढला. ते नाव इंग्रजी बोलणाऱ्यांना जरा भलतंच वाचलं जायचं, म्हणून २००९ मध्ये सीकेएडिटर झालं. २००४ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीने टायनीएमसीई आणला, आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये तो वर्डप्रेस २.० मध्ये जाऊन बसला. तुम्ही त्या काळात ब्लॉग लिहिला असेल, तर तुमची पहिली बटणं बहुधा टायनीएमसीईचीच. याच काळात या एडिटरांना 'जड' म्हणून नावं ठेवायची पद्धत पडली. पण त्यांच्यातला बराच कोड कशासाठी होता? ब्राउझरांची भांडणं मिटवण्यासाठी. आणि वर्डमधून पेस्ट केलेली घाण उपसण्यासाठी. वर्डमधून एक परिच्छेद आणला की त्याच्यासोबत स्टाइल आणि वर्डचे खास टॅग यांचं अख्खं वऱ्हाड यायचं. त्यासाठी 'वर्डमधून पेस्ट करा' असं वेगळं बटण द्यावं लागत होतं!

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पेस्टची ही गोष्ट मराठीत फार वेगळी आहे आणि इंग्रजी ब्लॉगवर ती कधीच वाचायला मिळत नाही.

युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे मराठी टाइप कसं व्हायचं? श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव असे फाँट होते. यात संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचाच असायचा. फाँट त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवायचा. म्हणजे फाइलमध्ये इंग्रजी बाराखडीचा काला, आणि फाँट लावला की सुंदर मराठी. आता अशी फाइल वर्डमधून एडिटरमध्ये पेस्ट करा. चांगला, शहाणा, स्वच्छतेची आवड असलेला एडिटर काय करतो? "फाँटचं नाव? हे तर नुसतं सजावटीचं स्वरूप आहे, काढून टाका." झालं. मराठी गेली, हातात उरला तो काला. इंग्रजीत फाँट म्हणजे कपडे. या जुन्या मराठी फाइलींत फाँट म्हणजेच भाषा होती. सफाईचं बटण दाबलं की कपड्यांबरोबर माणूसही जायचा.

ही जुनी कथा नाही हं. आमची टीम शाळांमधल्या शिक्षकांसाठी प्रश्नपत्रिका तयार करायचं ॲप बनवते. शिक्षकांकडे पंधरा-पंधरा वर्षांच्या प्रश्नपेढ्या आहेत, त्यातल्या कितीतरी अशा फाँटांत. त्यांना त्या पुन्हा टाइप करायच्या नाहीयेत, आणि का कराव्यात? त्यामुळे 'कोणता एडिटर किती केबीचा' या प्रश्नाआधी माझा प्रश्न असतो: पेस्ट झालेला मजकूर साफ होण्याआधी मला बघायला मिळतो का? मिळत असेल तर फाँटचं नाव ओळखून मी तो तुकडा युनिकोडमध्ये बदलून घेऊ शकतो. नसेल, तर तो एडिटर कितीही हलका असो, त्याचा भार एखाद्या शिक्षकाच्या रविवारवर पडणार आहे.

असो. मूळ रस्त्यावर येऊ.

जाता जाता २००५ चीच आणखी एक गोष्ट. मायस्पेसवर लोकांना आपल्या प्रोफाइलमध्ये एचटीएमएल लिहू देत. ऑक्टोबरमध्ये सॅमी कामकार नावाच्या एका तरुणाने गाळणीतून निसटणारा कोड आपल्या प्रोफाइलवर टाकला, आणि वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त लोकांच्या पानांवर तो पसरला. रिच टेक्स्ट स्वीकारणं म्हणजे परक्याच्या हातचा कोड आपल्या घरात घेणं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. एडिटरने ब्राउझरमध्ये कितीही सफाई केली तरी सर्व्हरवर पुन्हा गाळावंच लागतं, कारण हल्लेखोर तुमचा एडिटर वापरतच नाही, तो सरळ सर्व्हरशी बोलतो. हे वजन कुठल्याच लायब्ररीच्या केबीत मोजलेलं नसतं.

आता एक फाटा. त्याच वर्षी रायटली नावाचं एक छोटं ॲप आलं. ब्राउझरमध्ये चालणारा वर्ड प्रोसेसर, आत तेच कंटेंटएडिटेबल. मार्च २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतलं आणि त्यातून गूगल डॉक्स झालं. चार वर्षं त्यांनी ब्राउझरांच्या लहरी सोसल्या. मग २०१० मध्ये त्यांनी जे केलं ते ऐकून मी कॉलेजात असताना थक्क झालो होतो. त्यांनी कंटेंटएडिटेबल सोडूनच दिलं. कळ दाबली की ती पकडायची, कुठल्या ओळीत किती शब्द बसतात हे स्वतः मोजायचं, आणि तो लुकलुकणारा कर्सर, तोसुद्धा स्वतः काढायचा! डॉक्समध्ये तुम्ही बघता तो कर्सर ब्राउझरचा नाही, गूगलने रंगवलेली एक उभी रेघ आहे. २०२१ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि मजकूरही कॅनव्हासवर रंगवायचं जाहीर केलं.

पण हे गूगलला परवडतं. ब्राउझर जे फुकट देतो ते सगळं अशा वेळी स्वतः बांधायला लागतं. अंध वापरकर्त्यांच्या स्क्रीन रीडरला मजकूर कळेल अशी सोय, स्पेलचेक, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या, सगळं. पाच जणांच्या टीमने हा विचारही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मधला मार्ग निघाला, आणि आज आपण जे एडिटर वापरतो त्यातले बहुतेक या मधल्या मार्गावरचे. २०१४ मध्ये मीडियममधले अभियंता निक सँटोस यांनी कंटेंटएडिटेबल का भयंकर आहे यावर एक लेख लिहिला, तो आमच्या धंद्यात खूप फिरला. त्यातला मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. पडद्यावर 'ठळक आणि तिरपा' असा एक शब्द दिसतोय. आत तो बोल्डमध्ये तिरपा असेल, तिरप्यात बोल्ड असेल, दोन तुकड्यांत असेल, रिकाम्या टॅगांसकट असेल. दिसायला एकच, आत दहा तऱ्हा. मग "हे दोन मजकूर सारखे आहेत का" या साध्या प्रश्नालाही उत्तर उरत नाही. उपाय असा की मजकुराचं खरं रूप ब्राउझरच्या झाडात ठेवायचंच नाही. ते आपल्या स्वतःच्या मॉडेलमध्ये ठेवायचं आणि ब्राउझरला फक्त दाखवायला आणि कळा ऐकायला वापरायचं.

२०१५ मध्ये बेसकँपने ट्रिक्स आणला. त्यात ही कल्पना अगदी स्वच्छ दिसते. कंटेंटएडिटेबल हे निव्वळ आत-बाहेर करायचं साधन, बाकी सगळं मॉडेलमध्ये. पुढे २०१९ मध्ये तो रेल्स ६ सोबत यायला लागला. क्विल स्टायपी नावाच्या सहलेखनाच्या ॲपमधून उगवला. त्याचं डेल्टा रूप मला फार आवडतं. मजकूर आणि त्यातले बदल म्हणजे "हे घाल, इतकं तसंच ठेव, इतकं काढ" अशा सूचनांची यादी, बस. २०१६ च्या फेब्रुवारीत फेसबुकने ड्राफ्ट.जेएस खुला केला. आणि माझा लाडका प्रोझमिरर. मारेन हाव्हरबेके यांनी तो २०१५ मध्ये लोकवर्गणीतून सुरू केला, २०१७ मध्ये १.० आला. हेच गृहस्थ त्याआधी कोडमिररमुळे ओळखले जात होते, म्हणजे ब्राउझरमधल्या कर्सराशी झगडायचा अनुभव दांडगा.

प्रोझमिररमध्ये आधी स्कीमा लिहावा लागतो. तुमच्या दस्तऐवजात काय असू शकतं आणि कशाच्या आत काय बसतं. आमच्या ॲपमध्ये 'प्रश्न' हा एक घटक आहे, त्याला 'गुण' हा अंक जोडलेला असतो, आणि प्रश्नाच्या आत उपप्रश्न, आकृती किंवा तक्ता बसू शकतो. प्रश्नाच्या आत दुसरा पूर्ण विभाग बसू शकत नाही. हे एकदा सांगितलं की शिक्षकाने काहीही पेस्ट करो, दस्तऐवज त्या साच्याबाहेर जात नाही. गुणांची बेरीज आपोआप होते, कारण गुण हे कुठल्यातरी कंसात लिहिलेलं अक्षर नसून डेटा आहे. प्रत्येक बदल हा एक व्यवहार असतो, तो तपासता येतो, उलटवता येतो. आणि हो, पेस्ट झालेलं एचटीएमएल साच्यात शिरण्याआधी हातात घ्यायचा हुक आहे. श्री-लिपीवाल्या फाइली आम्ही तिथेच पकडतो.

सुरुवातीचे आठ दिवस मात्र डोकं धरून बसायची तयारी ठेवा. डब्यातून काढला आणि चालू केला, असा तो एडिटर नाही. बटणांची पट्टीसुद्धा तुम्हीच बनवायची. म्हणून त्याच्यावर रचलेला टिपटॅप लोकप्रिय झाला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण हलका कुठला? तर २०१७ मध्ये पेल नावाचा एडिटर आला. दाबून बांधला की जेमतेम १.३८ केबी. फोनवर काढलेला एक फोटो दोन-तीन एमबीचा असतो, त्यात असे हजारभर एडिटर मावतील! कोड एका बैठकीत वाचून होतो आणि वाचायला सुंदर आहे, शिकायला जरूर वाचा. तो इतका छोटा कसा? कारण तो स्वतः काहीच उचलत नाही. बटण दाबलं की एक्झेककमांडला सांगतो, ब्राउझर जे करेल ते करेल. म्हणजे २००० सालचंच यंत्र, वर नवा रंग. आणि ते एक्झेककमांड आता कालबाह्य म्हणून नोंदवलेलं आहे. ब्राउझर ते लगेच काढणार नाहीत, कारण अर्धं वेब त्यावर उभं आहे, पण कुणी दुरुस्तही करणार नाही. घरगुती ॲपमध्ये, जिथे दोन ओळींची टीप लिहायची आहे, तिथे पेल मस्त आहे. जिथे तो मजकूर पाच वर्षांनी दुसऱ्या कोडला वाचायचा आहे, तिथे मी तो घेणार नाही.

आता कीबोर्ड. इथे मराठी माणसाने कान टवकारावेत.

लॅपटॉपवर 'क' दाबला की 'क' आला, गोष्ट संपली. अँड्रॉइडवर तसं नसतं. तिथे कीबोर्ड हे स्वतंत्र ॲप आहे. तुम्ही रोमनमध्ये 'shri' असं टाइप करता आणि वर सुचवलेल्या 'श्री'वर बोट ठेवता, तेव्हा कीबोर्ड आधी एक कच्चा मजकूर लिहितो, मग तो पुसून दुसरा ठेवतो. याला कंपोझिशन म्हणतात. या काळात कुठली कळ दाबली हे वेब पानाला नीट कळतच नाही, बहुतेक कळांसाठी २२९ हा एकच आकडा येतो. आणि नेमक्या त्या मधल्या क्षणी एडिटरने आपल्या मॉडेलप्रमाणे पडदा पुन्हा रंगवला, तर कीबोर्डचा धागा तुटतो. अक्षरं दोनदा येतात, नाहीतर गायब होतात. ड्राफ्ट.जेएसला अँड्रॉइडचा पूर्ण आधार शेवटपर्यंत देता आला नाही, तो याच दुखण्यामुळे. पुढे बीफोरइनपुट नावाचा इव्हेंट आला, तो "काय दाबलं" याऐवजी "काय करायचंय" हे सांगतो. फायरफॉक्समध्ये तो २०२१ मध्ये पोचला. त्याने बरंच सोपं झालं, पण कंपोझिशन चालू असताना तो नेहमी अडवता येतो असं नाही.

मग बॅकस्पेस. 'श्री' हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला चार: श, हलन्त, र, दीर्घ ईकार. मराठी टाइप करणाऱ्याची सवय अशी की बॅकस्पेस मारला की शेवटची वेलांटी जावी, मागचं राहावं. ब्राउझर स्वतः असंच वागतो. पण एडिटरने बॅकस्पेस स्वतःच्या हातात घेतला आणि "एक अक्षर म्हणजे एक पूर्ण गुच्छ" असा नियम लावला, तर वेलांटी चुकली म्हणून अख्खा 'श्री' उडतो. हा गुच्छ कुठे संपतो याचा युनिकोडचा नियमसुद्धा सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत बदलला, तेव्हा कुठे देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध मोजलं जायला लागलं. आधी ते हलन्तापाशी तुटायचं.

आणि सगळ्यात अवघड प्रकार न दिसणाऱ्या चिन्हांचा. काही एडिटर कर्सरला उभं राहायला जागा मिळावी म्हणून मजकुरात शून्य रुंदीची चिन्हं घालतात आणि सेव्ह करताना ती पुसतात. पुसताना कुणी आळस केला आणि "शून्य रुंदीचं जे जे दिसेल ते काढ" असा नियम लिहिला, तर इंग्रजीत काहीही बिघडत नाही. मराठीत बिघडतं. कारण आपला ऱ्य लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत त्यासाठी वेगळं 'ऱ' आहे. दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये शून्य रुंदीचं जोडचिन्ह. ते जोडचिन्ह काढलं की ऱ्यचा र्य होतो.

आमच्याकडे आलेल्या एका शाळेचं आधीचं ॲप दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं होतं, त्यात नेमकी हीच सफाई होती. सहावीच्या भूगोलाच्या पेपरात 'सह्याद्रीतील दऱ्या' असा प्रश्न होता. छापून आला 'सह्याद्रीतील दर्या'. वर्गात एका मुलाने हात वर करून विचारलं, "मॅडम, सह्याद्रीत समुद्र आहे?" हे सांगताना मॅडम हसत होत्या, पण पुढे म्हणाल्या ते मी वहीत लिहून ठेवलंय. त्यांच्या मुख्याध्यापकांना वाटलं होतं की मॅडमना शुद्धलेखन येत नाही. तीन पेपर असे गेले होते, आणि दरवेळी त्यांनी स्क्रीनवर बघितलं तेव्हा शब्द बरोबर होता. बिघडायचा तो सेव्ह झाल्यावर. बावीस वर्षं मराठी शिकवणारी बाई, आणि खुलासा देत होती.

म्हणून आता कुठलाही एडिटर निवडताना मी आधी केबी बघत नाही. एक साधा फोन घेतो, महागातला नाही, शिक्षकांकडे असतो तसला. त्यावर 'दऱ्या', 'आचाऱ्यास', 'श्री', 'क्षितिज' दोन्ही रीतींनी टाइप करतो, मधलं अक्षर पुसतो, शब्दाच्या अर्ध्यावर बोल्ड लावतो, अनडू करतो, सेव्ह करून डेटाबेसमध्ये चिन्हं मोजतो. मग वर्डमधून एक तक्ता आणि एक जुन्या फाँटातला परिच्छेद पेस्ट करतो. तासाभराचं काम आहे. यात कित्येक हलके एडिटर गळतात, आणि खरं सांगायचं तर काही जडही गळतात.

दुसरी गोष्ट मी बघतो ती म्हणजे मागे कोण उभं आहे. हा भाग भराभर सांगतो. सीकेएडिटर ४ चा मोफत आधार जून २०२३ मध्ये संपला. त्याच वर्षी ड्राफ्ट.जेएस कायमचा दप्तरबंद झाला. फेसबुकने त्याआधीच, २०२२ मध्ये, लेक्झिकल खुला केला होता. त्याचा गाभा २२ केबीचा असल्याचं ते सांगतात आणि तो खरोखर चांगला आहे. क्विलची १.३.७ आवृत्ती २०१९ ची, २.० यायला एप्रिल २०२४ उजाडला. टायनीएमसीईने २०२४ मध्ये सातव्या आवृत्तीत एमआयटी परवाना सोडून जीपीएल घेतला. तो बंद कोडच्या ॲपमध्ये वापरायचा तर पैसे मोजा. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, एवढं काम करणाऱ्यांनी पोट कशावर भरायचं? पण ते तुमच्या हिशोबात आधीपासून असू द्या. ट्रिक्सवाल्यांनीही २०२५ मध्ये लेक्झिकलवर उभारलेला लेक्सी हा नवा एडिटर जाहीर केला. एडिटर बदलणं म्हणजे पडदा बदलणं नाही, आतापर्यंत सेव्ह झालेला सगळा मजकूर नव्या रूपात आणणं आहे. तुमचा मजकूर फक्त त्या लायब्ररीलाच कळणाऱ्या रूपात पडलेला असेल, तर ते काम महिनोन्महिने चालतं. आम्ही स्कीमातला डेटा ठेवतो, शिवाय त्यावरून काढलेलं साधं एचटीएमएलही शेजारी ठेवतो. जागा थोडी जास्त लागते. लागू दे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल की मग टेक्स्टएरियाच बरा. बऱ्याच ठिकाणी खरंच बरा! आमच्याच ॲपमध्ये 'परीक्षकांसाठी सूचना' हा रकाना होता, त्यात सुरुवातीला सगळी बटणं दिली होती. सहा महिन्यांनी पाहिलं तर लोक तिथे फक्त ओळी लिहीत होते. आम्ही एडिटर काढून टेक्स्टएरिया ठेवला, कुणाची तक्रार आली नाही. कंटेंटएडिटेबललाही आता 'फक्त साधा मजकूर' असं रूप आहे आणि २०२५ पासून ते सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतं.

शेवटचं, जे अजून घडतंय ते. जानेवारी २०२४ मध्ये क्रोमच्या १२१ व्या आवृत्तीत एडिटकॉन्टेक्स्ट नावाची सोय आली. यात ब्राउझर म्हणतो, कीबोर्डशी बोलणं, कंपोझिशन सांभाळणं माझ्याकडे. मजकूर कुठे ठेवायचा आणि कसा रंगवायचा ते तुमच्याकडे. मराठी टायपिंगचं दुखणं जिथे आहे, नेमका तेवढाच भार ब्राउझर परत घेतोय. सगळे ब्राउझर तिथे आले तर आमच्या कोडमधल्या दोन ओंगळ फाइली मी आनंदाने डिलीट करेन. तोपर्यंत त्या फाइलींच्या डोक्यावर मी एक टेस्ट लिहून ठेवली आहे. तिचं नाव 'सह्याद्रीत समुद्र नाही' असं आहे, आणि दर बिल्डला ती चालते.

पुढच्या भागात मार्कडाउनची गोष्ट, २००४ पासूनची. भेटूच.